रकाना १८७

वेळण्याच्या काजू शेडमधला सत्तेचाळीस नंबरचा बोल्ट खोटं बोलतोय, असं हेमांगी धुळपला आधी वाटलं. ४ जून २०४३, सकाळचे अकरा चाळीस. वारा पूर्वेकडून ताशी एकशे चार किलोमीटरने येत होता. या वेगाला त्या बोल्टवर त्याच्या ताकदीच्या चव्वेचाळीस टक्के ताण यायला हवा होता. पडद्यावर आकडा होता एकसष्ट.

सेन्सर बिघडतात, खाऱ्या हवेत जरा लवकरच बिघडतात. तिने शेजारचा सेहेचाळीस नंबर पाहिला. साठ. अठ्ठेचाळीस नंबर, एकोणसाठ. तीन बोल्ट एकाच वेळी एकच खोटं बोलत नाहीत.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी सूचना लुकलुकत होती. 'सेन्सर तपासा. इमारत सुरक्षित.'

पूर्वेच्या दाराजवळच्या काचेच्या केबिनमध्ये ती सकाळी सातपासून बसली होती. वादळ समुद्रातून साठ किलोमीटर लांबून जाईल, असा अंदाज होता. पहाटे त्याने तोंड वळवलं. आता त्याचा डोळा वेळण्यावरूनच जाणार होता, एकच्या सुमारास. तालुक्याच्या आपत्ती कक्षाने गावातली सगळ्यात भक्कम इमारत म्हणून या शेडचीच निवड केली होती. कारखान्यातल्या एकशे अठरा बायका आणि खालच्या खारवाड्यातली पंचेचाळीस माणसं, एकूण एकशे त्रेसष्ट जण आत होते. शेडला 'अ' दर्जाचं प्रमाणपत्र होतं. त्याच्यावर सही हेमांगीची होती.

वेळणं हे तिचं गाव. शेडचा आराखडाही तिचाच, म्हणजे तिचा आणि 'पारख' या संगणक प्रणालीचा.

पूर्वी लोखंडी शेड बांधायची, तर इंजिनीअर देशाच्या नकाशावर वाऱ्याचा पट्टा शोधायचा. राजापूर आणि रत्नागिरी एकाच रंगात, कड्यावरची जागा आणि खाडीतली जागाही एकाच रंगात. जे ठाऊक नाही, त्यापोटी तो जादा लोखंड घालायचा. गंजण्यासाठी थोडं, भोवऱ्यासाठी थोडं, आपल्याला झोप लागावी म्हणून थोडं. 'पारख'ने हे न ठाऊक असणंच काढून टाकलं. वेळण्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कड्यापासून दीडशे मीटरवर, चौदा महिने सहा खांब उभे होते. सेकंदाला दहा वेळा ते वाऱ्याचा वेग, दिशा, हवेतलं मीठ, पावसाचा तिरकेपणा आणि पत्र्याचं तापमान मोजत होते. त्याला साठ वर्षांच्या हवामानाच्या नोंदींची जोड मिळाली. मग 'पारख'ने नऊ लाख आराखडे करून पाहिले आणि एक निवडला. नेहमीच्या शेडपेक्षा त्यात अडतीस टक्के लोखंड कमी होतं.

त्यातलं बरंचसं लोखंड वाचलं होतं ते झरोक्यांमुळे. वारा शेडवरून जाताना छपराला वर ओढतो. वाऱ्याच्या बाजूची भिंत उघडी असेल, तर आत शिरलेली हवा छपराला खालूनही ढकलते. वरून ओढ, खालून रेटा, अशा वेळीच छपरं उडतात. पण समजा वाऱ्याची बाजू बंद ठेवली आणि आडोशाची बाजू उघडी, तर वारा शेडमधली हवा बाहेर शोषून घेतो. आतला दाब उतरतो आणि आतली ओढ छपराला खाली धरून ठेवते. म्हणून पूर्वेला चोवीस आणि पश्चिमेला चोवीस, पात्यांचे झरोके होते. त्यांच्या मोटारी 'पारख' चालवायची. वारा फिरला की चार सेकंदांत एक बाजू बंद व्हायची, दुसरी उघडायची. ही इमारत वाऱ्यापुढे नुसती उभी राहत नव्हती. ती वाऱ्याला वाट देत होती. आणि सहाशे चाळीस बोल्ट आपल्यावर किती ताण आहे, ते दर सेकंदाला सांगत होते.

बारा वाजून पाच मिनिटांनी सत्तेचाळीस नंबरने सांगितलं, अठ्ठ्याहत्तर. वारा एकशे अठरा.

हेमांगीने पॅडवर हाताने आकडेमोड केली. वाऱ्याचा वेग वाढतो, तेव्हा त्याचा जोर वर्गाच्या हिशेबाने वाढतो. डोळा येण्याआधी वारा एकशे चाळीसपर्यंत जाणार होता. त्या वेगाला सत्तेचाळीस नंबरवर एकशे दहा टक्के.

शंभरानंतर बोल्ट काही सांगत नाही.

तिने पुन्हा पडदा पाहिला. पूर्वेचे झरोके बंद, शंभर टक्के. पश्चिमेचे उघडे, शंभर टक्के. सगळं जागच्या जागी होतं. ती केबिनमधून उठून आत गेली.

आत टरफलांच्या तेलाचा उग्र वास होता आणि छपरावर पावसाचा एवढा आवाज, की माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. गर सोलायच्या टेबलांवर आज पोरं झोपवलेली होती. काही बायका मात्र वादळातही परातीतले गर निवडत होत्या. हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"काय गो इंजिनीअरीण," शेवंताबाईंनी हाक मारली, "तुझी शेड माझ्या सासूसारखी कण्हते. म्हातारी पण अशीच कण्हायची आणि नव्वद वर्षं जगली."

चार जणी हसल्या. हेमांगी हसली नाही. ती पश्चिमेच्या रांगेकडे पाहत होती. त्या टेबलांवर बायकांनी मोबाइलचे दिवे लावले होते.

भर दुपारी. जिच्या वरचे चोवीस झरोके शंभर टक्के उघडे आहेत, त्या भिंतीखाली.

तिने मान वर केली. जमिनीपासून तीन मीटरवर पाती आडवी, पूर्ण उघडलेली होती. त्यांच्यामधून आभाळाच्या राखाडी पट्ट्या दिसायला हव्या होत्या. तिथे हिरवट काळोख होता.

त्या रांगेच्या टोकाला कुंदा बसली होती. हेमांगीच्या मोठ्या भावाची बायको, या पाळीची मुकादम. गेल्या नऊ महिन्यांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. गणपतीत एकाच स्वयंपाकघरात मोदक वळतानाही नाही.

"वहिनी, वर काय आहे ते?"

कुंदाने परातीतून नजर उचलली नाही. "मॅडम, आमची तक्रार ॲपवर आहे. नंबर सांगू?"

"वहिनी, आत्ता नको. झरोक्यांवर काय आहे?"

तिच्या आवाजात असं काही होतं, की कुंदाने वर पाहिलं.

"झाप. दुसरं काय असणार? मे संपत आला की पश्चिमेला झाप बांधायचं. तुझ्या आईच्या पडवीला आपण दोघींनीच नाही का बांधलं? एक टोक तू धरायचीस, एक मी."

"कधी बांधलंत?"

"पंचवीस तारखेला. तीन दिवस लागले. दुहेरी झाप, मध्ये निळी ताडपत्री, वर बांबूच्या कांबी. थेंब येत नाही आत." मग जरा थांबून म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात तीनदा कळवलं होतं. पाठी भिजतात, गर भिजतो, भिजलेल्या गराला बुरशी येते. तुझ्या नावाने उत्तर आलं होतं. तुषार शून्य पूर्णांक आठ, मर्यादेत. मर्यादा कुणाची, ते नव्हतं लिहिलेलं."

ते उत्तर हेमांगीने स्वतः लिहिलं होतं. आकडा बरोबर होता. झरोक्यांखाली दहा तास कोण बसतं, हे त्या आकड्यात नव्हतं.

पात्यांच्या मोटारी खरं तेच सांगत होत्या. पाती उघडीच होती. ती उघडून बाहेर ताडपत्रीपाशी संपत होती. शेडमधल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती आणि पूर्वेकडच्या दारांच्या फटींतून ती आत भरत होती. 'पारख'ला हे दिसणं शक्य नव्हतं. झापाला सेन्सर नसतो.

आणि झाप बांधलं जाईल हे 'पारख'ला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. हेमांगीला तो शुक्रवार आठवला. पुण्याचं ऑफिस, सहाला दहा मिनिटं कमी. जागेच्या माहितीचा अर्ज दोनशे बारा रकान्यांचा. रकाना १८७, 'इमारतींच्या वापरातील स्थानिक प्रथा'. खाली करड्या अक्षरांत सूचना होती. 'बहुतेक अभियंते लिहितात: लागू नाही.' तिने ती सूचना स्वीकारली होती. सतराव्या वर्षापर्यंत दर मे महिन्यात झापाचं एक टोक धरलेल्या मुलीने.

"वहिनी, ती झापं काढायला हवीत. आत्ता. नाहीतर छप्पर जाईल."

कुंदाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "थट्टा करतेस?"

"ऐंशी टक्के आलंय, अर्ध्या तासात शंभराच्या वर जाईल. सगळ्यांना शाळेत नेता येईल का?"

दारापाशी गफूरचाचा उभे होते. कारखान्याचे फिटर, त्याआधी तीस वर्षं बोटीवर. त्यांनीच उत्तर दिलं. "शाळेची कौलं तासाभरापूर्वी गेली. आणि सड्यावरून सहाशे मीटर जायचं, पोरं घेऊन? या वाऱ्यात पत्रे उडतायत, बेटा. बाहेर काढलेली सगळी माणसं तिथे पोचायची नाहीत."

"मग बाहेरून झापं काढायला—"

"बाहेरून नको," कुंदा म्हणाली. "गाठी आतल्या बाजूला आहेत. दोरी पात्यांमधून आत घेऊन चौकटीला बांधलीय. मीच बांधल्यात. जाळ्याची नायलॉनची दोरी, निरगाठ. सुटायच्या नाहीत, कापाव्या लागतील."

"किती गाठी?"

"एका झरोक्याला सहा."

एकशे चव्वेचाळीस गाठी. टेबलांवर उभं राहून हात पोचत होता. कोयत्या होत्या. पण गाठीपर्यंत पोचायला हात पात्यांमध्ये घालावा लागणार होता. त्या पात्यांची मालकी 'पारख'कडे होती. पश्चिमेकडून वाऱ्याचा एखादा भोवरा फिरला, तर ती चार सेकंदांत मिटली असती. मध्ये काय आहे, हे 'पारख'ने पाहिलं नसतं.

"कुणीही हात घालायचा नाही," हेमांगी ओरडली. "आधी मी मोटारी बंद करते. मी सांगेपर्यंत कुणी नाही!"

झरोके मॅन्युअलवर घ्यायला दोन परवानग्या लागत. एक जागेवरच्या इंजिनीअरची, दुसरी पुण्याच्या आराखडा विभागाची. केबिनमध्ये परतून तिने आपली दिली आणि अमोघ बर्वेंना फोन लावला. बर्वे विभागाचे प्रमुख. हुशार माणूस, आवाज कधी न चढवणारा. बारा वीसला फोन लागला.

"सर, पश्चिमेचे झरोके बाहेरून बंद आहेत. बायकांनी झापं बांधलीत. आतला दाब उतरत नाही. मला मॅन्युअल हवंय."

"झापं म्हणजे?"

"नारळाच्या विणलेल्या झावळ्या, सर. आणि ताडपत्री."

"पारख काय म्हणते?"

"पारख म्हणते सेन्सर तपासा. पारखला बाहेरचं दिसत नाही."

"हेमांगी, नीट विचार कर. मॅन्युअल घेतलंस, की पारख त्या इमारतीतून बाहेर. परत आत यायला तिला चाळीस मिनिटं वारा वाचावा लागतो. तुझ्याकडे डोळा एक वाजता आहे. त्यानंतर वारा पश्चिमेचा होणार. तेव्हा अठ्ठेचाळीस झरोके चालवणार कोण?"

"हँडल आहेत. बायका चालवतील."

"एकशे चाळीसच्या वाऱ्यात? आणि तुझं निदान चुकलं असेल तर? चालू वादळात आपण 'अ' दर्जाच्या शेडचं डोकं काढून घेतलं, अशी नोंद होईल. किनाऱ्यावर अशा अकराशे चाळीस शेड आहेत आपल्या. आज त्यातल्या निम्म्यांमध्ये माणसं बसलीयत. दोन मिनिटं दे. मी आकडे बघतो."

सत्तेचाळीस नंबर ब्याऐंशीवर होता.

दोन मिनिटं झाली. बर्वे आकडे पाहत होते. त्यांच्या जागी ती असती, तर तिनेही तेच केलं असतं, हे तिला कळत होतं. चौथ्या मिनिटाला आकडा अठ्ठ्याऐंशी झाला आणि छपराच्या दक्षिण टोकाला काहीतरी तुटल्याचा कर्कश आवाज आला. पोरं रडायला लागली.

केबिनच्या काचेतून हेमांगीला दिसलं, कुंदा टेबलावर चढली होती.

"वहिनी! नको!"

आवाज पोचला नाही, किंवा पोचून ऐकला गेला नाही. कुंदाने डावा हात सतराव्या झरोक्याच्या पात्यांमध्ये कोपरापर्यंत घातला, दोरी ओढून धरली आणि उजव्या हाताने कोयती चालवली. एक गाठ. दुसरी. तिसरी. तिला पाहून आणखी दोघी टेबलांवर चढायला लागल्या. चौथी. पाचवी. हेमांगी फोन कानाला धरूनच पळाली.

ती टेबलापाशी पोचली, तेव्हा कड्यावरून उलटून आलेला एक झोत पश्चिमेच्या भिंतीवर आदळला. दोन सेकंदांचा. 'पारख'ला तेवढा पुरला. चोवीस झरोके एका लयीत मिटले.

कुंदाने हात मागे खेचला होता. सगळा नाही.

ती किंकाळी बर्वेंनी फोनवर ऐकली. हेमांगीच्या मनगटावरच्या पट्टीवर हिरवी अक्षरं आली. 'मॅन्युअल. परवानगी २/२.' बारा सव्वीस.

गफूरचाचांनी हँडल फिरवलं, पाती उघडली आणि कुंदा शेवंताबाईंच्या अंगावर कलंडली. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. शेवंताबाईंनी पदर फाडून करकचून बांधला.

"बघत काय उभी राहिलीस?" कुंदा दात ओठांत रोवून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आता मिटत नाहीत ना ती? मग काप. सहावी गाठ राहिलीय माझी."

हेमांगी टेबलावर चढली आणि सहावी गाठ तिने कापली. झाप क्षणभर जागेवरच थरथरलं. मग कुणीतरी बाहेरून हिसडा द्यावा तसं ते निघालं आणि कड्यापलीकडे दिसेनासं झालं. आभाळाची एक राखाडी पट्टी आत आली.

त्यानंतर फार बोलणं झालं नाही. चोवीस टेबलं, चोवीस कोयत्या. उंच बायका वर, बुटक्या टेबलं धरून. खारवाड्यातले तरणे दोन-दोन झरोके घेऊन बसले. नायलॉन ओलं होऊन घट्ट झालं होतं आणि कोयती घसरत होती. केबिनच्या दारात उभे राहून गफूरचाचा सत्तेचाळीस नंबर मोठ्याने वाचत होते, बोटीवर खोली वाचावी तसे. "नव्वद! ब्याण्णव! त्र्याण्णव!" एकेक झाप सुटत होतं आणि वारा वाढत होता. त्यामुळे बराच वेळ आकडा चढतच राहिला. "सत्त्याण्णव!"

चौदावं झाप गेलं, पंधरावं गेलं. सगळ्यांच्या कानांत एकदम दडा बसला, घाटात गाडी चढताना बसतो तसा. पोरं रडायची थांबून कान चोळायला लागली.

"पंच्याऐंशी," गफूरचाचा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं. "एकोणऐंशी. अरे, उतरतोय!"

शेवटचं झाप गेलं, तेव्हा बारा पन्नास झाले होते. वारा एकशे बत्तीस आणि सत्तेचाळीस नंबर सत्तरवर. 'पारख'ने दोन वर्षांपूर्वी काढलेल्या आकड्याच्या बरोबर जागी. तिचं गणित चुकलेलं नव्हतंच.

एक वाजून पाच मिनिटांनी वारा पडला. आवाज इतका अचानक गेला, की बायका ओरडून बोलत होत्या त्या तशाच ओरडत राहिल्या आणि मग ओशाळून गप्प झाल्या. हेमांगीने टेबलावर उभं राहून सगळ्यांना समजावलं. शाळेत शिकवतात तसं, पण घाईने. वारा आता उलट येणार. समुद्राकडचे झरोके आपण बंद करायचे आणि डोंगराकडचे उघडायचे. पण वारा फिरल्याशिवाय नाही. आधी केलं तर घात होईल, उशीर झाला तरी होईल. एका हँडलाला दोघी. मी हात खाली आणला की फिरवायचं.

"आणि तू बघणार कुठे?" कुंदाने विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती, हात छातीशी.

"बोल्टांचे आकडे."

"आकडे मागाहून येतात. वारा फिरताना आधी समुद्राचा वास येतो. पूर्वेच्या वाऱ्यात माती असते." तिने डोळे मिटले. "मी सांगते. तू आकडे बघ."

एक चोवीसला कुंदा म्हणाली, "आला." हेमांगीच्या पडद्यावर अजून काही नव्हतं. तिने एक श्वास घेतला आणि हात खाली आणला. शहाण्णव बायकांनी हँडलं फिरवली. नऊ सेकंदांत पश्चिम मिटली आणि पूर्व उघडली. दहाव्या सेकंदाला पहिला पश्चिमेचा झोत भिंतीवर आदळला.

चार झरोक्यांत दोरीचे तुकडे अडकून पाती बोटभर उघडी राहिली. तिथून पिचकारीसारखं पाणी येत होतं आणि पाण्याबरोबर वाराही. त्यामुळे सत्तेचाळीस नंबर अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेला आणि तिथे तासभर थांबला. दक्षिण टोकाचे अकरा पत्रे गेले. त्या टोकाची माणसं आधीच उत्तरेकडे सरकवली होती. साडेतीनला वारा साठवर आला. एकशे त्रेसष्ट माणसं मोजून बाहेर पडली. कुंदाला डोलीतून नेलं, कारण रस्त्यावर झाडं आडवी होती.

दोन्ही बोटं दुसऱ्या पेरापासून काढावी लागली.

चौथ्या दिवशी बर्वेंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त दोन शब्दांमधली जागा वाढली होती. घटनेचा अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता. कारणाच्या रकान्यात तीन पर्याय होते. सामग्रीतील दोष, माहितीतील दोष, वापरकर्त्यांचा हस्तक्षेप.

"तिसरा पर्याय वस्तुस्थितीला धरून आहे," बर्वे म्हणाले. "त्यांनी इमारतीत बदल केला. न विचारता."

"त्यांनी तीनदा विचारलं होतं, सर. मी उत्तर दिलं होतं."

"दुसरा पर्याय निवडलास, तर अकराशे चाळीस प्रमाणपत्रं त्याच क्षणी गोठतील. पावसाळ्याच्या तोंडावर. आणि तुझा परवाना सगळ्यात आधी. ते समजून लिही."

"सर, एक विचारू? त्या अकराशे चाळीस अर्जांत रकाना १८७मध्ये काय आहे, ते पाहिलंत?"

"परवा पाहिलं," ते म्हणाले. "अकराशे सहा ठिकाणी, लागू नाही."

"आणि ड्रोन पाठवलेत?"

"काल. तीनशे बारा शेडना काही ना काही बांधलेलं आहे. झापं, गोणपाट, जुनी जाळी. एका ठिकाणी तर निवडणुकीचा फ्लेक्स."

हेमांगीने दुसरा पर्याय निवडला. नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. सात मिनिटांनी परवाना स्थगित झाल्याचा निरोप आला. त्यानंतर तासाभरात तीनशे बारा ठिकाणी माणसं कोयत्या घेऊन निघाली. अहवालाखालची दुसरी सही बर्वेंची होती. ती मागितलेली नव्हती.

संध्याकाळी ती घरी गेली. कुंदा पडवीत बसली होती, डावा हात बँडेजात उशीवर ठेवून. समोर नवी झापं विणून रचलेली होती. शेजारणींनी आणून टाकलेली.

"कशासाठी ही?" हेमांगीने विचारलं.

"शेडसाठी. पाऊस सुरू व्हायचाय अजून. तो कुणाच्या अहवालासाठी थांबतो होय?"

"वहिनी!"

"ओरडू नकोस. पाठी भिजणार त्या भिजणारच. तुझ्या पारखला सांग, माणसं आत बसतात." कुंदाने उजव्या हाताने दोरीचं भेंडोळं तिच्या मांडीवर टाकलं. "गाठ चुकली आमची. वाऱ्याची भीती म्हणून निरगाठ मारली. सुरगाठ हवी होती. एका ओढीत सुटते ती. मला आता एका हाताने मारता यायची नाही. बस इथे, दाखवते."

हेमांगी बसली. पहिली गाठ सैल झाली, दुसरी उलटी. "इंजिनीअर म्हणे," कुंदा म्हणाली, "अगो, शेपूट मोकळं ठेव. तेच ओढायचं असतं." चौथी गाठ जमली. हेमांगीने शेपूट ओढलं. गाठ सरसरत सुटली.

ती परत मारून, परत सोडून, तिने लॅपटॉप उघडला. अर्जात बदल करायला तिचा परवाना चालणार नव्हता. पण सूचना कुणालाही पाठवता येत होती. तिने वेळण्याचा अर्ज काढला, रकाना १८७वर गेली, 'लागू नाही' खोडलं आणि लिहायला सुरुवात केली. एका ठिकाणी तिने कुंदाला विचारलं, "तुझं नाव घातलं तर चालेल?"

"घाल. बोटं मोजायला आलं कुणी, तर आठ सांगीन."

'मे अखेर ते सप्टेंबर पश्चिमेच्या सर्व झरोक्यांवर बाहेरून झाप. कारण: आत माणसं बसतात. झाप असताना झरोका बंद आहे असं समजावं, मोटार काहीही सांगो. गाठ: सुरगाठ, आतल्या बाजूला, शेपूट मोकळं. वादळाची सूचना आल्यावर गाठ सोडणारी व्यक्ती: कुंदा रमाकांत धुळप. ती नसल्यास: हेमांगी धुळप.'